बापरेचं त्रांकीलो

कंपनीच्या हजेरीपुस्तकात त्याचं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. सगळे त्याला बापरे म्हणत. लिफ्ट अडकल्याचा फोन आला की हा हत्यारांची पिशवी घेऊन धावत सुटे, अडकलेल्या मजल्यावर पोचे, दाराच्या फटीला डोळा लावून आत बघे आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडे तो हाच. आतल्या माणसाला तोवर वाटत असे की फार काही झालेलं नाही, होईल सुरू पाच मिनिटांत. बापरेचं ऐकलं की त्याला मुलाबाळांची आठवण येई.

कामात मात्र त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता, हे त्याचे वैरीही कबूल करत. एकोणीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. लिफ्ट वर जाताना कण्हली तर कुठलं वंगण सुकलंय ते तो खालून सांगे. रिकामी लिफ्ट बंद पडली तर शीळ घालत काम उरके. पण आत माणूस असला की संपलंच. किल्ली डाव्या खिशात आणि हा उजवा चाचपतोय, पाना हातात आणि हा तोच पाना पिशवीत शोधतोय, असा सगळा आनंद.

"यंत्राला भीती वाटत नाही गं," तो बायकोला सांगे. "आतल्या माणसाला वाटते. मग ती मला लागते."

बायको घरीच शिवणकाम करी. कामाच्या वेळी तिच्या तोंडात टाचण्या असत, त्यामुळे नवऱ्याच्या बहुतेक दुःखांवर तिचं उत्तर "हं" एवढंच असे. त्याला ते पुरे व्हायचं. उरलेलं तो लिफ्टला सांगे.

एक दिवस साहेबांनी त्याला वर बोलावलं. साहेबांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्टच्या कंपनीचा मुख्य माणूस असूनही साहेब कायम जिन्यानं येत-जात. पोट कमी करायचंय म्हणत. अकरा वर्षं जिने चढूनही पोट जिथल्या तिथे होतं, पण साहेबांच्या पोटाविषयी बोलायची कुणाची छाती नव्हती.

साहेबांसमोर तीन कागद होते. त्यांनी एक उचलून मोठ्यानं वाचला.

"'मेकॅनिक बाहेरून बापरे म्हणाला. मग अगं आई गं म्हणाला. मग बराच वेळ काहीच म्हणाला नाही. तो वेळ आम्हाला सर्वांत कठीण गेला.' काय आहे हे?"

"किल्ली सापडत नव्हती, साहेब."

"कुठे होती?"

"दातात."

साहेबांनी कागद खाली ठेवला. "ही तिसरी तक्रार. आणखी एक आली, की तुझं कॉलवर जाणं बंद. खाली गोदामात बसायचं आणि नटबोल्ट द्यायचे-घ्यायचे. समजलं?"

बापरेला समजलं. गोदाम तळघरात होतं. तिथे ट्यूबलाइट होती, रॅक होते, एक खुर्ची होती, पण लिफ्ट नव्हती. ज्या माणसानं एकोणीस वर्षं लिफ्टचे दोर आपल्या डोक्यावरच्या केसांपेक्षा जास्त जपले, त्यानं उरलेलं आयुष्य वायसर मोजत काढायचं? त्यापेक्षा घरी बसून टाचण्या मोजलेल्या काय वाईट!

पुढच्याच आठवड्यात एका जुन्या इमारतीतून फोन आला. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकलेली, आत एकट्या वयस्कर बाई. बापरे वाटेत स्वतःला बजावत गेला, की तोंड उघडायचं नाही. पोचला, फटीला डोळा लावला. आत अंधार, आणि अंधारात हातात पिशवी घेऊन उभी असलेली पांढऱ्या केसांची बाई.

"बापरे!" तो म्हणाला.

"कोण आहे?" आतून विचारणा झाली.

"मी... मी लिफ्टवाला."

"मग ते मी म्हणायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही दुसरं काहीतरी म्हणा."

बापरेला समोर गोदामाची खुर्ची दिसायला लागली. त्यानं पिशवी उघडली ती उलटी, आणि सगळी हत्यारं जिन्यावरून टणटण करत खाली गेली. एक पक्कड तर थेट दुसऱ्या मजल्यावर जाऊन थांबली.

"त्रांकीलो," आतून आवाज आला. "त्रांकीलो, अरे. त्रांकीलो."

"काय म्हणालात?"

"स्पॅनिश आहे. शांत, असा त्याचा अर्थ. तीस वर्षं मी ती भाषा शिकवली. तू आधी हत्यारं गोळा कर. मी कुठे जात नाही, ते तू बघतोच आहेस."

बापरेनं हत्यारं गोळा केली, वर मशीन रूममध्ये गेला, मेन स्विच बंद केला. तिथे भिंतीवर लिफ्टमध्ये बोलायचा फोन होता; आतल्या माणसाला तो हातात धरावा लागत नाही, लिफ्टच्या छतातल्या स्पीकरमधून बोलणं होतं. त्यानं तो कानाला लावून खांद्यानं धरला, एका हातानं ब्रेकचा दांडा दाबला आणि दुसऱ्या हातानं मोठं चाक फिरवायला घेतलं. अशा वेळी लिफ्ट बोटाबोटानं सरकते. बाई बोलत राहिल्या. मागे चटचट असा बारीक आवाज येत होता.

"तो कसला आवाज, बाई?"

"मटार सोलतेय. बाजारातून आणले होते. नुसतं उभं राहून काय करायचं?"

बापरेला धन्य वाटलं. अशी माणसं असतात म्हणून जग चाललंय, असं त्याच्या मनात आलं.

"तर त्रांकीलो," बाई म्हणाल्या. "तिकडे हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. समुद्र त्रांकीलो असतो. गाड्यांची वर्दळ नसलेली गल्ली त्रांकीला असते. पुरुषाला त्रांकीलो, बाईला त्रांकीला. आपण नाही का म्हणत, शहाणा आणि शहाणी, तसंच. फिरवतोयस ना चाक?"

"फिरवतोय."

"हॉटेलात वेटर तुझी ऑर्डर विसरला आणि माफी मागायला लागला, तर त्याला म्हणायचं, त्रांकीलो. म्हणजे असू दे रे, चालतं. कुणी बससाठी धावत सुटलं तर, त्रांकीलो, दुसरी येईल. दोन माणसं गुद्द्यांवर आली तर मध्ये पडून दोन्ही हात असे खाली करत म्हणायचं, त्रांकीलो, त्रांकीलो. तुला हात दिसत नाहीत, पण मी करून दाखवलं."

"आणि माझ्यासारखा माणूस असेल तर?" बापरेनं विचारलं. "जन्मजात घाबरट?"

"त्याचीही सोय आहे. त्या भाषेत 'आहे' म्हणायला दोन वेगळे शब्द. एक स्वभावासाठी, कायमचा. दुसरा आत्तापुरता. अमका माणूस शांत आहे, म्हणजे मुळात तसाच आहे, हे एका शब्दानं सांगतात. आत्ता या घडीला शांत आहे, हे दुसऱ्यानं."

"मला आत्तापुरता चालेल," बापरे म्हणाला.

लिफ्ट चौथ्या मजल्याला टेकली. त्यानं धावत खाली येऊन दार उघडलं. बाई बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. लिफ्टच्या फरशीवर मटारच मटार पडले होते. पिशवीत होते त्यापेक्षा खालीच जास्त. वय झालं की हातून सांडतंच, असं म्हणत बापरेनं ते गुडघ्यावर बसून वेचले आणि पिशवीत भरून दिले. तक्रार आली नाही.

त्या दिवसापासून बापरेनं शांत होण्याचा जो धडाका लावला, त्यानं घर हैराण झालं. सकाळी आरशासमोर उभं राहून तो दहा वेळा त्रांकीलो म्हणे. आवाज खाली आणायचा, शब्द लांबवायचा, पापण्या अर्ध्या मिटायच्या. गॅसवर दूध वर आलं तेव्हा हा शेजारीच उभा होता. त्यानं दोन्ही हात खाली करत दुधाला सांगितलं, "त्रांकीलो."

"अहो, दूध उतू गेलं!" बायको टाचण्यांमधूनच ओरडली.

"त्रांकीला," तो तिला म्हणाला.

बायकोनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. हे लग्नानंतर तिसऱ्यांदा घडत होतं. "हे बघा," ती म्हणाली, "मला भित्रा नवरा चालतो. सवय झालीय. पण हा जो कोण घरात आलाय, त्याला फडकं घेऊन ओटा पुसायला सांगा."

बापरेनं शांतपणे ओटा पुसला. त्याच संध्याकाळी सासूबाई आल्या. नळाला पाणी नाही म्हणून कुरकुरत होत्या, तर जावई खोल आवाजात म्हणाला, "त्रांकीला, सासूबाई." सासूबाईंनी त्याच्याकडे टक लावून बघितलं, मुलीला आत नेलं आणि जावयाला ताप आहे का ते विचारलं. पण या सगळ्यानं तो डगमगला नाही. गोदामाची ती खुर्ची त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

मग खरी परीक्षा आली. विमा कार्यालयातले दोन कारकून पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकले. बापरे धावला नाही, चालत गेला. फटीला डोळा लावला नाही. हत्यारं सांडली नाहीत, किल्ली पहिल्याच खिशात सापडली. मशीन रूममध्ये जाऊन त्यानं फोन घेतला आणि पापण्या अर्ध्या मिटून म्हणाला, "त्रांकीलो. सगळं ठीक आहे. श्वास घ्या. त्रांकीलो."

आतला एक कारकून दुसऱ्याला म्हणाला, "टेप लावलीय."

"हॅलो!" दुसरा ओरडला. "तिकडे खरा माणूस आहे का कुणी?"

"त्रांकीलो," बापरे म्हणाला. "सगळं ठीक आहे."

"बघ, तेच पुन्हा लागलं! मेलो! कुणी आलेलंच नाही रे!"

त्यानंतर त्या दोघांनी जो आरडाओरडा केला तो रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू गेला. बापरेनं त्यांना अकरा मिनिटांत बाहेर काढलं. एवढ्या झटपट त्यानं आयुष्यात कधी काम केलं नव्हतं. तरी त्यातल्या एकाला कार्यालयातल्या दोघांनी धरून खाली न्यावं लागलं आणि दुसऱ्यानं कंपनीला फोन लावला.

"लेखी तक्रार नाही, फोनवरची आहे," साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले. "म्हणून अर्धी धरतो. पण आता मलाच बघू दे, तू नेमकं करतोस काय. उद्या तुझ्याबरोबर येतो."

ते एका सहामजली इमारतीत गेले. तिथली लिफ्ट जुनी होती, आतल्या बाजूला जाळीचं सरकतं दार असलेली. हे दार बोटभर जरी उघडलं तरी लिफ्ट जागच्या जागी थांबते आणि नीट लावून बटण दाबलं की पुन्हा चालते. बापरेनं तेलपाणी केलं, पुसलं, तपासलं. मग नियमाप्रमाणे कुणीतरी आत बसून वर जायचं आणि मेकॅनिकनं मशीन रूममधून बघायचं, असं होतं.

"तुम्ही बसता, साहेब?"

साहेब लिफ्टकडे बघत राहिले. जिन्याकडे बघून झालं. शेवटी रुमालानं मान पुसून, कुणीतरी मागून ढकलल्यासारखे आत गेले.

बापरे वर पोचला. लिफ्ट निघाली, एक, दोन, तीन मजले छान आली आणि चौथ्याच्या वर गपकन थांबली. यंत्र ठीक होतं, करंट होता. बापरेनं मिनिटभरात ओळखलं, की जाळीचं दार उघडं आहे. त्यानं फोन उचलला.

"साहेब, तुम्ही जाळी धरलीय का?"

"धरलीय!" साहेबांचा आवाज चिरकला. "दोन्ही हातांनी!"

"ती सोडा."

"सोडणार नाही!"

तेव्हा कुठे बापरेच्या डोक्यात प्रकाश पडला. अकरा वर्षं जिने. पोटबीट काही नाही. हा माणूस लिफ्टला घाबरत होता! लिफ्टच्या कंपनीचा साहेब लिफ्टला घाबरत होता, भीतीनं जाळीला लटकला होता, आणि लटकल्यामुळेच दार बोटभर सरकून लिफ्ट अडकली होती. हात सोडले की सुटले. पण ते सोडत नव्हते.

बापरेनं पापण्या अर्ध्या मिटल्या. "त्रांकीलो, साहेब. श्वास घ्या."

"मला उपदेश करू नकोस! काय चाललंय ते सांग!"

"सगळं ठीक आहे, साहेब. त्रांकीलो."

"ठीक आहे म्हणजे नक्कीच काहीतरी लपवतोयस! दोर तुटतोय का? खरं सांग! बापरे, मी तुला गोदामात नाही, तुरुंगात पाठवीन!"

जाळी खडखडायला लागली. बापरे जितका शांत होत गेला, तितके साहेब वर चढत गेले. त्यांना धाप लागली, मग ते आपल्या आईला हाक मारायला लागले. बापरेला घाम फुटला, पण आवाज त्यानं हलू दिला नाही. फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेताना त्याचं कोपर विजेच्या पेटीवर ठेवलेल्या पान्याला लागलं. सर्वांत मोठा पाना होता. तो थेट त्याच्या अंगठ्यावर पडला.

"बापरे!" तो किंचाळला. "अगं आई गं! मेलो! मेलो!"

जाळीची खडखड एकदम थांबली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"पाना पडला, साहेब! पायावर! रक्त... साहेब, रक्त येतंय! मला रक्त बघवत नाही! चक्कर येतेय मला!"

"खाली बस. आधी खाली बस बघू." आवाज साहेबांचाच होता, पण ऑफिसातला. "यंत्राला हात लावू नकोस. बसलास?"

"बसलो. साहेब, माझे हात कापतायत हो!"

"कापू देत. मी आहे ना? घाबरायचं नाही, असल्यानं कुणी मरत नाही. थांब तिथेच, मी आलो."

आणि जाळी धाडकन लागल्याचा आवाज आला. बटण दाबल्याचा आवाज आला. मोठं चाक बापरेच्या डोळ्यांसमोर फिरायला लागलं, लिफ्ट सहाव्या मजल्यावर आली, वरच्या जिन्यावर बूट वाजले आणि साहेब रुमाल घेऊन मशीन रूमच्या दारात उभे राहिले.

त्यांनी गुडघ्यावर बसून अंगठा बांधला. नख काळंनिळं झालं होतं, रक्त थेंबभर होतं. गाठ मारता मारता साहेबांचे हात थांबले.

"मी कसा आलो रे वर?"

"लिफ्टनं, साहेब."

साहेब तिथेच फरशीवर बसले. मग दोघं असे हसत सुटले, की सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या एक बाई झाडू घेऊन बघायला आल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कॉलच्या जुन्या वह्या काढल्या. इतर मेकॅनिकांच्या कॉलला कधी डॉक्टर बोलवावा लागला होता, कधी कुणाला उचलून न्यावं लागलं होतं. बापरेच्या एकोणीस वर्षांत आतला माणूस प्रत्येक वेळी स्वतःच्या पायांनी बाहेर आला होता. कारकुनांचा तेवढा अपवाद, आणि तेव्हा हा शांत होता.

"कॉलवर तूच जायचंस," साहेब म्हणाले. "पण ते पापण्या मिटणं बंद. जसा होतास तसा जात जा. तुझ्याकडे बघून आतल्याला वाटतं, आपण धीर धरला नाही तर या बिचाऱ्याचं काय होईल!"

बापरेला हसावं की रडावं कळेना. त्यानं दोन्ही थोडं थोडं केलं.

घरी जाण्याआधी तो लंगडत स्पॅनिशच्या बाईंकडे गेला. चौथ्या मजल्यावर, जिन्यानं, कारण पायापेक्षा लिफ्टला विश्रांती द्यावी असं त्याला वाटलं. त्यानं सगळी हकिगत सांगितली. बाई पोट धरून हसल्या.

"पण मला एक कळत नाही, बाई," तो शेवटी म्हणाला. "तुम्हाला तो शब्द बरोबर जमला. मी तर लगेच शांत झालो. मला का नाही जमला? तुम्ही मुळातच शांत, कायमच्या, म्हणून का?"

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी डोळे पुसले.

"अरे वेड्या, माझे पाय लटपटत होते. मला बंद जागेत श्वास घेता येत नाही. मटार हातात धरवत नव्हते, सगळे खाली जात होते. तूच नाही का वेचलेस?"

बापरे दुखरा अंगठा विसरून पुढे सरकला.

"मग त्रांकीलो, त्रांकीलो चाललं होतं ते?"

"तुझी ती हत्यारं जिन्यावरून खाली गेली ना, तो आवाज ऐकला आणि म्हटलं, चला, बाहेर कुणीतरी माझ्यापेक्षा जास्त घाबरलंय. त्याला सांगता सांगता मीही ऐकत होते. एकटीनं स्वतःला सांगून बघितलं होतं रे त्याआधी वीस मिनिटं. काही उपयोग झाला नव्हता."

"बापरे," बापरे म्हणाला.

"हं," बाई म्हणाल्या आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. "असंच म्हणत जा."